चमच्यांच्या खणातला सेल

रात्री तीनच्या सुमाराला "टिप्" असा आवाज झाला. एवढाच. मग मिनिटभर काही नाही. झोपेत वाटलं, बाहेर एखादा पक्षी असेल. पुन्हा "टिप्". आमच्या मोटरहोमचा, म्हणजे राहायच्या गाडीचा, हीटर पलंगाखालच्या फळीतून गुरगुरत होता, बंद काचांवर आमच्याच श्वासांचं पाणी धरलं होतं, लेक भिंतीला पाठ लावून गाढ झोपली होती. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मला एवढंच सुचलं, की आता ही उठेल. अंधारात पलंगावर उभी राहिले, छताजवळचं ते पांढरं डबडं चाचपडून फिरवलं, खाली काढलं, पाठीवरचं झाकण नखाने उचकटलं आणि आतला चौकोनी सेल ओढून काढला. हाताला लागला तो पहिला खण उघडून त्यात टाकून दिला. खणात चमचे होते, त्यांचा किणकिणाट झाला आणि सगळं शांत झालं. त्या शांततेचं मला तेव्हा फार सुख वाटलं होतं. हे आठवलं, की अजून पोटात कालवतं.

सकाळी लेक चमचा काढायला गेली तर तिच्या हाताला सेल लागला. "आई, हा इथे का?" मी तोंड धूत होते. म्हटलं, रात्री अलार्म वाजत होता म्हणून काढला. तिने वर पाहिलं. तिथे आता नुसती गोल पांढरी कडी उरली होती आणि तिच्याभोवती इतक्या वर्षांच्या मळाचं वर्तुळ. "धुराचा की गॅसचा?" "तिसरा," मी म्हटलं. "ज्याचा वास येत नाही त्याचा?" "हो." पुढे ती काही बोलली नाही. चमचा घेतला, खण ढकलला आणि सेल माझ्यासमोर ओट्यावर उभा करून ठेवला. ही गाडी घेतली तेव्हा मीच तिला हे सगळं शिकवलं होतं. धुराचा अलार्म छताला, कारण धूर वर चढतो. गॅसचा जमिनीजवळ, कारण सिलिंडरमधला प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, तो पाण्यासारखा खाली साचतो. आणि तिसरा कार्बन मोनॉक्साइडचा, जो हवेइतकाच हलका असतो, हवेत बेमालूम मिसळतो, आणि म्हणून आपण झोपतो तिथे जवळ हवा. पाच वर्षांची होती ती तेव्हा. तिने तिन्ही डबड्यांना लाडकी नावं दिली होती.

गाडी सुरू करण्याआधी मी ते डबडं घेऊन पायरीवर बसले. नवा सेल घातला. टिपटिप थांबली. चाचणीचं बटण दाबलं तर अलार्म असा खणखणीत ओरडला, की लेकीने आतून कान झाकले. सेलच संपला होता तर, झालं काम. आता कडीत बसवायचं म्हणून उलटं केलं आणि पाठीवर कोरलेल्या बारीक अक्षरांवर सकाळचं तिरपं ऊन पडलं. जून २०२२ नंतर हा अलार्म बदलावा, असं तिथे लिहिलेलं होतं. साल होतं २०२४. आतल्या संवेदकात एक रासायनिक द्राव असतो, तो वर्षागणिक सुकत जातो आणि पाच, सात, फार तर दहा वर्षांत त्याला वायू ओळखता येईनासा होतो, हे मला नंतर नीट वाचल्यावर कळलं. आणि त्याहून मोठी गोष्ट कळली ती बटणाबद्दल. ते बटण सेल तपासतं, भोंगा तपासतं, मधली वायरिंग तपासतं. संवेदकाला समोरचा वायू कळतोय का, हे ते तपासत नाही.

दर प्रवासाआधी मी ते बटण दाबत होते.

दाबायचे, तो ओरडायचा, मी वहीत बरोबरची खूण करायचे. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत थंडीच्या किती रात्री आम्ही काचा लावून, हीटर सुरू ठेवून झोपलो असू. हीटरची ज्योत बंद पेटीत जळते आणि तिचा धूर भिंतीतल्या नळीतून बाहेर पडतो. पण ज्योत आणि आपली हवा यांच्यामध्ये असतो एक पत्रा, आणि रोज तापून निवून त्या पत्र्याला तडा जाऊ शकतो. शेजारी लागलेल्या गाडीचा जनरेटर आपल्या खिडकीखाली येऊ शकतो. आपल्याच गाडीच्या सायलेन्सरची नळी फरशीखाली फुटलेली असू शकते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट धरतो. जाग्या माणसाचं आधी डोकं दुखतं, मळमळतं, निदान काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळतं. झोपलेल्या माणसाची झोप फक्त आणखी गाढ होते. म्हणून तर तो अलार्म असतो. खास या गाड्या आणि बोटींसाठी म्हणून ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा वेगळा दुसरा भाग आहे, कारण घरातल्या भिंतीला हादरे बसत नाहीत आणि गाडीच्या भिंतीला रोज बसतात. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ३०० भाग झाला, तर तीन मिनिटांच्या आत भोंगा वाजला पाहिजे, असं ते मानक सांगतं. ५० भाग असेल तर तासाभरानंतर, पण दीड तासाच्या आत. हे आकडे वाचताना मी त्या रात्रीचा हिशोब करत होते. मी झोपले तीन वाजता आणि उठले सातला.

काही झालं नाही. हीटर ठीक होता, नंतर उघडून तपासून घेतला. पण काही झालं नाही याने माझी रुखरुख गेली नाही. अर्धवट झोपेत मी एक सेल काढला, तेवढ्यापुरती ती असती तर मिटली असती. ती त्या वहीतल्या खुणांची होती.

ही वही मूळची माझी नाही. गाडीच्या आधीच्या मालकीणबाईंची आहे. सत्तरीच्या आसपासच्या, उंच, हाताची बोटं ग्रीसने कायमची काळवंडलेली. एकट्याने गाडी चालवायच्या. गाडी दाखवताना त्यांनी आधी गाद्या, पडदे, ओटा यांपैकी काही दाखवलं नाही; चटई अंथरली आणि मला गाडीखाली चला म्हणाल्या. आम्ही दोघी पाठीवर पडून खालचा पत्रा बघत होतो आणि त्या मला एकेक नळी बोटाने दाखवत होत्या. किल्ल्यांबरोबर वही दिली. तिच्यात तारखा होत्या आणि तारखांपुढे वाक्यं. "डावं मागचं आतलं चाक, हवा कमी, व्हॉल्व्हची सुई सैल." "छतावर मागच्या झरोक्याच्या कडेला केसाएवढी भेग. भरली. ओल नाही." "उतारावर पेडल मऊ लागलं." मला ती वही इतकी आवडली, की मी तिच्यातल्या सगळ्या कामांची एका मोठ्या कागदावर यादी केली, कागद पुठ्ठ्याला चिकटवला आणि दाराच्या मागे लावला. पुढे दर प्रवासाआधी त्या यादीवर बरोबरच्या खुणा आणि वहीत तारखेपुढेही तशाच खुणा. कामं सगळी तीच होती. त्या बाईंची वाक्यं तेवढी गेली होती, आणि ते मला तीन वर्षं जाणवलंही नव्हतं.

त्या सहलीतून परत आल्यावर मी पुठ्ठा खाली काढला आणि एकेका खुणेला विचारत गेले, की ही नेमकं काय पाहून केली होती.

टायरपासून सुरुवात केली. खूण होती: टायर ठीक. नक्षी खोल होती, जवळजवळ नव्यासारखी. अशा गाड्या वर्षातून काहीच दिवस पळतात, बाकी उभ्याच असतात, नक्षी झिजणार कुठून? पण टायरच्या अंगावर एक लंबगोल चौकट असते आणि तिच्यात चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ही चौकट बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि माझ्या चाकांवर ती बाजू आत होती. पुन्हा चटई अंथरून, टॉर्च दाताखाली धरून ओल्या फडक्याने चिखल पुसला. २३१६. म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर. जवळ जाऊन पाहिल्यावर नक्षीच्या खोबणींच्या तळाशी बारीक रेघांचं जाळं दिसलं, सुकलेल्या तळ्याच्या तळासारखं. रबरात त्याला हवेपासून जपणारी मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात, आणि चाक फिरताना, दबताना, सुटताना ती पृष्ठभागावर येत राहतात. चाक उभं राहिलं, की ती येत नाहीत. ऊन आणि ओझोन मग रबराला हळूहळू खात बसतात. पळणाऱ्या गाडीचं टायर झिजून जातं आणि उभ्या गाडीचं उभ्या उभ्या म्हातारं होतं. जाणकार अशा गाड्यांचे टायर पाच ते सात वर्षांत बदलायला सांगतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. स्टेपनी पाहिली तर ती सगळ्यांत जुनी निघाली. सहाही टायर बदलले, स्टेपनीसुद्धा. चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेला जोर लागला की वाजणाऱ्या पान्याने, आवळायचे असतात, कारण नवा सांधा थोडा बसतो आणि पकड सुटते. ते मी रस्त्याच्या कडेला थांबून केलं. दोन नट पाव फेरा फिरले. पाना "कट्" म्हणतो तो क्षण मला आवडतो, त्या आवाजावर विश्वास ठेवता येतो.

हवेचंही तसंच. पुठ्ठ्यावर एक आकडा लिहून ठेवला होता आणि मी इमानाने तेवढी हवा भरत होते. पण टायरला किती हवा हवी हे त्याच्यावर किती ओझं आहे यावर ठरतं, आणि माझ्या गाडीचं ओझं मला माहीत नव्हतं. वजनकाट्यावर गाडी नेली, आधी पुढची चाकं, मग मागची, पाण्याची टाकी भरून, कपडे, गाद्या, आम्ही तिघं, सगळं धरून. मागचा आस त्याच्या मर्यादेला अगदी टेकला होता. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे गणित शाळेत केलेलं असतं, पण आपल्याच पलंगाखाली ते भरून आपण डोंगर चढतोय असं कधी मनात येत नाही. त्यानंतर आम्ही टाकी अर्धीच भरून निघतो आणि मुक्कामाच्या जवळ भरून घेतो. हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजते. चालवल्यावर ती वाढलेली दिसते आणि ती वाढ खरी मानून कमी केली, तर टायर उपाशी राहतं आणि जास्त तापतं.

माझे बाबा लांबच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर आधी चारही चाकांपाशी जायचे. खाली वाकून हाताची पालथी बाजू चाकाच्या मध्याजवळ धरायचे, एक, दोन, तीन, चार. मग हात झटकून आमच्याकडे यायचे. लहानपणी मला वाटायचं, ते गाडीला थोपटतात. म्हणून मीही मागून जाऊन गाडीच्या मडगार्डवर थोपटून यायचे. ते काय करत होते ते मला फार उशिरा कळलं. चाक किती गरम आहे ते त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं, चारांत कुठलं एक वेगळं आहे ते शोधत होते. बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं किंवा ब्रेक धरून राहिला, तर ते एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापतं. माझ्याकडे आता दुरून तापमान मोजायचं यंत्र आहे आणि मी ते वापरते, पण आधी हात नेते. पालथाच, कारण तळव्याला चटका बसला तर पुढे स्टिअरिंग धरता येत नाही. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, बाबांचा हात तसा असायचा एवढंच.

छताची खूण होती: छत पाहिलं. आणि मी ते खरोखर पाहत होते, शिडीच्या वरच्या पायरीवरून. या वेळी वर चढले, गुडघ्यांखाली उशी घेऊन इंचाइंचाने सरकले. छताला जिथे जिथे भोक पाडलेलं असतं, झरोके, अँटेना, सौरपट्ट्यांचे पाय, कडेची पट्टी, तिथे तिथे सीलंटची, म्हणजे फट बुजवणाऱ्या चिकट लेपाची, कड असते. ताजं सीलंट अंगठ्याला मऊ लागतं, दाबलं की परत येतं. जुनं लागतं वाळलेल्या डिंकासारखं. मागच्या डाव्या कोपऱ्यात ते टोकाला उचललं गेलं होतं, नखाची कड जाईल एवढंच. आत येऊन मी त्याच कोपऱ्याखाली कपाट उघडलं. कोरडं. डाग नाही, वास नाही. मग भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवत गेले. टक्, टक्, टक्, आणि कपाटाच्या मागे एक वीतभर खाली, ढब्. पाणी जिथून शिरतं तिथे दिसत नाही. ते चौकटीच्या लाकडावरून चालत जातं आणि मनाला येईल तिथे थांबतं. ती फळी काढली तेव्हा आतून भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि लाकूड बोटांत चुरलं, काळपट, ओलसर, तंतू तंतू सुटलेलं. त्याच भिंतीला पाठ लावून माझी लेक झोपायची.

मी बराच वेळ ते लाकूड हातात घेऊन बसले होते. रडू आलं असं नाही. एक चमत्कारिक लाज वाटत होती, दुसऱ्याची गोष्ट सांभाळायला घेतली आणि ती आपल्या हातात कुजली अशी. त्या बाईंच्या वहीत मागच्या झरोक्याचं वाक्य होतं, कोपऱ्याचं नव्हतं. म्हणजे तो माझ्याच काळात उघडला. दोन पावसाळे तरी पाणी आत जात असणार. कुजलेलं सगळं कापून काढलं, चार दिवस पंखा लावून आतलं कोरडं केलं, नवं लाकूड बसवलं. कड भरताना मात्र कुणीतरी आधी लावलेलं सिलिकॉन खरवडायला दोन दिवस गेले. छतावर सिलिकॉन लावू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. त्याच्यावर नंतर काही चिकटत नाही, ते स्वतःसुद्धा नाही. छत रबराचं असेल, तर पेट्रोलजन्य द्रावणाने पुसूही नका, त्याने रबर फुगतं. आता मी दर तीन महिन्यांनी वर जाते आणि खाली येऊन वहीत वाक्य लिहिते.

ब्रेक ऑइलची पातळी भरलेली होती, खूण बरोबर होती. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, बंद डब्यातसुद्धा, नळ्यांच्या रबरातून, आणि पातळी तेवढीच राहते. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरलेल्या ऑइलला १५५ अंशांची मर्यादा धरतात. लांब उतारावर जड गाडी ब्रेकवर पाय ठेवून उतरवली, तर ही मर्यादा गाठणं अवघड नाही. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि पेडल पायाखाली बुडतं. "उतारावर पेडल मऊ लागलं" या वाक्यापुढे त्या बाईंनी तीन दिवसांनंतरची तारीख घालून "ऑइल बदललं" असं लिहिलं होतं. मधले तीन दिवस त्या हलल्या नव्हत्या.

गॅसचं काम मला कधीच टाळावंसं वाटलं नाही, कारण त्यात साबणाचा फेस असतो आणि लेकीला तो आवडतो. ती ब्रशने प्रत्येक सांध्याला फेस लावते आणि आम्ही दोघी श्वास रोखून बघतो, बुडबुडा मोठा होतोय का. शेगडीची ज्योत निळी हवी, पिवळी लवलवायला लागली, की हवा आणि गॅस यांचं प्रमाण बिघडलेलं असतं. एकदा गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या बाहेरच्या जाळीमागे कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं सापडलं होतं, करंगळीएवढं, फार सुबक. पाणी तापवायच्या टाकीत एक धातूची कांडी असते, ती बाहेर काढून बघणंही लेकीचंच काम. टाकीचं पोलाद गंजू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजते. या वेळी ती बाहेर आली तेव्हा मधल्या तारेवर थोडे खडबडीत गोळे एवढंच उरलं होतं. "हिला कुणी खाल्लं?" लेकीने विचारलं. पाण्याने, म्हटलं, टाकीच्या ऐवजी. तिने ती टाकू दिली नाही, तिच्या खजिन्यात आहे.

खिडकीचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. पलंगापाशी लाल दांडा असलेली एक खिडकी आहे, आग लागली तर दाराऐवजी तिथून बाहेर पडायचं. बहुतेक गाड्यांत शेगडी दाराच्या वाटेवर असते, म्हणून ही दुसरी वाट असते. यादीत खूण होती: खिडकी पाहिली. लाल दांडा होता, मोडलेला नव्हता. या वेळी मी तो वर केला आणि खिडकी ढकलली. हलली नाही. दोन्ही तळवे लावून ढकलली. खांदा लावला, पाय पलंगाच्या कडेला रोवले, तेव्हा भिंतीवरून चिकटपट्टी ओढावी तसा आवाज करत रबरी कड सुटली आणि गार हवेचा झोत आत आला. उन्हाने ते रबर चौकटीला चिकटलं होतं. माझं सगळं वजन लागलं होतं. लेकीचं वजन माझ्या निम्म्याहून कमी आहे, आणि त्या खिडकीजवळ झोपते ती.

त्या दुपारी आम्ही खिडकीचंच काम केलं. रबर पुसलं, कोरडं सिलिकॉन फवारलं, उघडली, लावली, उघडली, लावली. मग लेकीला आत एकटीला ठेवून आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. पहिल्यांदा तिला दांडा वर करून बाहेर ढकलायचं, हे दोन्ही एकत्र जमेना. दुसऱ्यांदा खिडकी उघडली आणि तिने डोकं आधी बाहेर काढलं. "पाय आधी," तिचे बाबा म्हणाले, "पोटावर पालथी हो, पाय बाहेर, मग लोंबकळ आणि सोड." खाली जमीन तिच्या उंचीपेक्षा खोल होती. ती लोंबकळली, तिची चप्पल खाली पडली, आणि मग ती. सहा वेळा केलं. सहाव्या वेळी डोळे मिटून केलं, कारण ती म्हणाली, धुरात दिसणार नाही ना. मला ते ऐकवलं नाही. मी वळून अग्निशामकाची नळकांडी घेऊन बसले. तिचा काटा हिरव्यात होता, पण गाडीच्या हादऱ्यांनी आतली भुकटी तळाशी घट्ट बसू शकते आणि मग दाब असूनही ती नीट बाहेर येणार नाही, अशी भीती असते. उलटी धरून रबरी हातोडीने हळूहळू ठोकत राहिले, आत काहीतरी वाळूसारखं सरकेपर्यंत. ती शेगडीच्या शेजारी टांगलेली होती, म्हणजे आग लागली तर तिच्याकडे हात आगीतून न्यावा लागला असता. दाराजवळ हलवली.

हे सगळं करताना मी आनंदात होते, असं म्हटलं तर खोटं वाटेल, पण बऱ्याच अंशी होते. गाडीखाली चटईवर पडल्यावर ग्रीस, ओली माती आणि तापलेल्या पत्र्याचा जो एकत्र वास येतो तो मला कुठल्याही मुक्कामापेक्षा जास्त लक्षात राहतो. पण त्याच्याबरोबर भीतीही आली होती आणि तिच्याशी काय करावं ते कळत नव्हतं. निघायच्या सकाळी नट एकदा तपासले, पुन्हा तपासले, दोन मैल गेल्यावर थांबून पुन्हा उतरले. "अगं, किती वेळा बघशील?" नवरा म्हणाला. चिडून नव्हे, काळजीने. मला उत्तर देता आलं नाही. पूर्वी मी न बघता खुणा करत होते आणि आता बघूनही माझा विश्वास बसत नव्हता. त्या बाईंच्या वहीत अशी घाबरी नोंद एकही नाही. त्या बघत, लिहीत आणि निघत. ते मला अजून जमलेलं नाही. वाक्य लिहिलं, की थोडं जमतं.

नवा अलार्म आणला. या गाड्यांसाठी बनवलेला, त्याच मानकाचा शिक्का असलेला. लेकीने खोक्यातून काढला आणि सगळ्यात आधी उलटा केला. "२०३१," ती वाचून म्हणाली. "म्हणजे मी पंधरा वर्षांची." मग काळा मार्कर मागितला. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "पुढच्या बाजूला लिहूया. छतावरचं उलटं करून कोण बघतं?" तिने पांढऱ्या प्लॅस्टिकवर मोठ्या, थोड्या वाकड्या आकड्यांत ते साल लिहिलं. पलंगावर पडलं, की समोर दिसतं.

त्यानंतरच्या पहिल्या मुक्कामी मला तीनच्या सुमाराला जाग आली. कसलाही आवाज नव्हता. छत निवत होतं, त्याचं अधूनमधून टकटक, तेवढंच. अलार्मचा हिरवा ठिपका मिटला, उघडला. हीटर गुरगुरत होता. मी उठून वरचा झरोका दोन बोटं उघडला, गार हवा मानेवर आली. लेकीने पांघरूण ओढून घेतलं, तिची पाठ नव्या लाकडाला टेकलेली होती. परत पडायच्या आधी मी खण हळूच उघडला आणि आत हात घालून चाचपलं. चमचेच होते.